ढोल मागे, काकाजी समोर

अंजनाकाकूचं नाव मी सगळ्यांच्या आधी घेतो. आईवडिलांचं आणि शिक्षकांचं ऋण आहेच. पण कुहीकडच्या एका खेड्यातून नागपुरात आलेला मी पदवीपर्यंत टिकलो तो या बाईमुळे, आणि पुढे ज्या कामावर माझा संसार उभा राहिला ते कामही मला तिच्याच एका प्रश्नाने दाखवलं. ती माझी सख्खी काकू नव्हती. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ काशीनाथ सक्करदऱ्याला राहत, एका छोट्या बँडपार्टीत क्लॅरिनेट वाजवत; ही त्यांची बायको. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. वडील मला पोचवायला आले तेव्हा सोबत घरच्या तांदळाचं गाठोडं होतं. ते त्यांनी ओट्यावर ठेवलं. काकूने गाठोडं उचललं, आत नेलं आणि आतूनच म्हणाली, "पोराले ठेवा अन् तांदूळ वापस न्या म्हटलं तं तुमी रुसाल. म्हनून दोन्ही ठेवून घेते." माझ्या राहण्याजेवणाची बोलणी एवढीच झाली.

ते घर म्हणजे एकामागे एक दोन खोल्या आणि मागे टिनाचं छप्पर टाकलेली न्हाणी. पुढच्या खोलीत खुंटीवर काकाजींचा लाल कोट टांगलेला असे, खांद्यांवर सोनेरी दोरी, छातीवर पितळी बटणं. त्या कोटाखाली सतरंजी टाकून मी अभ्यास करायचो. सकाळी उठल्याबरोबर काकाजी बशीतल्या पाण्यात पत्ती भिजत घालत. क्लॅरिनेटच्या तोंडाला बांधायची वेताची ती पातळ पट्टी. ती नीट ओली झाल्याशिवाय वाद्य बोलत नाही. मग ते वरचे दात वाद्याच्या तोंडावर टेकवून अगदी हळू, श्वास मोजल्यासारखे, तीन-चार लांब सूर लावत आणि थांबत. घरात त्यापुढे कधी गेले नाहीत. भिंतीला भिंत लागून मिलमध्ये रातपाळी करणारी माणसं राहत, ती सकाळी झोपलेली असत. पुरं वाजवायचं असलं की काकाजी तलावाच्या काठावर जात. त्यांची स्वतःची एक धून होती, तिथेच बसवलेली. बँडातले लोक तिला 'तलाववाली' म्हणत. नवरदेव मांडवाच्या दाराशी आला की ती वाजे: आधी संथ, कोणी घरात बोलावत असावं तशी, आणि मग ढोल उचलून धरला की उडती.

काकूचा दिवस त्या कोटाभोवती फिरे. कोळशाची इस्त्री, बटणांना चिंच लावून घासणं, कॉलरवरचा घामाचा डाग ओल्या फडक्याने काढणं. लगीनसराईत काकाजी कधी सकाळी येत, कधी दुपारी; ती चुलीवर पाण्याचं भगुणं ठेवूनच असे. तिच्या हातचा गोळाभात मला आजही आठवतो. भिजवलेल्या डाळीचे जाडसर वाटलेले तिखट गोळे भातात वाफवलेले आणि वरून लसणाचं कडकडीत तेल. ते तेल भातावर पडतानाचा चर्रर् आवाज आला की मी कितीही कठीण गणित सोडून उठत असे. "आवाजानं उठते हा, नावानं उठत नाही," असं ती शेजारणीला सांगायची. माझ्या पुढच्या आयुष्याचं वर्णन याहून नेमकं कोणी केलं नाही.

कॉलेज सुटल्यावर मी इतवारीत मधुभाऊंच्या दुकानात जायचो. मधुभाऊ लग्नाकार्यांना लाउडस्पीकर पुरवत. भांड्यांच्या दुकानांच्या ठणठणाटात त्यांचं ते लहानसं दुकान. आत वायरी जोडायच्या डाखणीचा धूर, वायरींची भेंडोळी आणि कपाटात फडक्याखाली झाकून ठेवलेलं त्यांचं दैवत, म्हणजे चकत्यांवर टेप फिरणारं जुनं रेकॉर्डिंगचं यंत्र. त्याच्या जोडीला चार माइक एकत्र करणारा मिक्सर होता. चार माइकांना फिरवायचे चार गोल खटके. कोणता आवाज किती घ्यायचा ते त्या खटक्यांवर ठरायचं. वाजत असतानाच हात चालवायचा आणि जो मेळ जमेल तो तसाच टेपवर उतरायचा. माझा नातू आता घरी संगणकावर गाणी करतो. तो म्हणतो, "आजोबा, एकेक वाद्य वेगवेगळं घ्यायचं आणि मिक्सिंग नंतर निवांत करायचं." त्याचं बरोबर आहे. आम्हाला 'नंतर' नव्हतं.

काकाजींचे दात हे त्या घराचं दुखणं. वर्षानुवर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन हिरड्या गेल्या होत्या. गाल सुजायचा, ते लवंग धरून वरातीला जायचे. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की सगळे काढावे लागतील, नाहीतर विष अंगात पसरेल. काकाजींनी लगीनसराई संपेपर्यंतची मुदत मागून घेतली. डॉक्टरांना वाटलं, पेशंट घाबरला. पण वरचे दात वाद्याच्या तोंडावर टेकल्याशिवाय क्लॅरिनेट धरता येत नाही, आणि कवळी लावून सूर पुन्हा जमतो की नाही हे आमच्या ओळखीच्या कोणालाच माहीत नव्हतं. बँडात ढोल वाजवणारा गुलाबभाऊ थट्टेखोर माणूस. तो ओट्यावर बसून म्हणाला, "काशीनाथभाऊ, तुमी ढोलावर या. ढोलाले दात लागत नाही."

"अन् तू काय करशीन?" काकाजींनी विचारलं.

"मी नवरदेव होईन. बम दिवस झाले, कोनी घोड्यावर बसवलं नाही."

काकाजी हसले आणि गाल दुखला म्हणून हाताने धरला.

त्यानंतर एका दुपारी काकू सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी पुस्तक घेऊन बसलो होतो. ती खड्यांकडे पाहतच म्हणाली, "सुखदेवा, मी यायचं वाजवनं कधी पुरं आयकलंच नाही."

मला वाटलं, मी ऐकण्यात चुकलो. इतक्या वर्षांचा संसार, आणि नवऱ्याचं वाजवणं ऐकलं नाही? पण ती बोलत गेली आणि माझ्या लक्षात आलं की खरंच, कसं ऐकलं असणार? दुसऱ्याच्या वरातीमागे बँडवाल्याची बायको जात नसते. "लोक म्हनतीन, जेवाले आली." लेकीच्या लग्नात काकाजी वधूपिता, त्यांनी फेटा बांधून हात जोडायचे की वाजवायचं? तिथे दुसरा बँड सांगितला होता. कधी गल्लीच्या तोंडावरून वरात गेली तर ती दारात जायची, पण तोवर समोरचे वाजवणारे निघून गेलेले असत. "मांगून निसता ढोल आयकू येते. धडाड धडाड. हे तिकडे समोर असते, यायचं क्लारनेट ढोलात बुडून जाते. तुकडे आयकले मी, बापा. कुठचा तुकडा कुठी जोडावा, काही समजत नाही." मग तिने सूप खाली ठेवलं आणि मला तो प्रश्न विचारला. "तुया त्या मधुभाऊच्या मशीनमंदी, ढोल मांगं अन् हे समोर, असं होते का गा?"

मी भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. आवाजाचा वेग, लहरींची लांबी, सगळं पाठ. पण आवाजांना मागे-पुढे उभं करता येतं आणि कोणासाठी तरी ते करावंसं वाटतं, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. मी म्हणालो, "होते, काकू." होतं की नाही हे मला माहीत नव्हतं.

मधुभाऊंनी माझं ऐकून घेतलं आणि फडकं बाजूला करून यंत्र पुसायला लागले. तोच त्यांचा होकार. त्यांच्या ओळखीच्या एका डाळीच्या व्यापाऱ्याचं गोदाम इतवारीतच होतं. तिथे भिंतींना लागून तुरीच्या पोत्यांच्या थप्प्या होत्या, त्यामुळे आवाज घुमत नसे, आणि मध्ये मोकळी जागा. हातगाड्या सुरू होण्याआधी सकाळी जायचं ठरलं. लगीनसराई संपली होती. त्याच आठवड्यात काकाजींचे दात निघायचे होते. बँडची मंडळी लाल कोट घालून आली. "कोट कायले?" असं मधुभाऊंनी विचारलं तर गुलाबभाऊ म्हणाला, "बनियनवर काय भजन करायचं आहे का?" काकूही आली, पण आत नाही. सगळ्यांच्या नाश्त्याचा डबा घेऊन ती समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसली. मी आत बोलावलं तर म्हणाली, "मी समोर बसली तं यायचे हात कापतीन. तू पक्कं भरून घे, मी मंग मशीनमंदी आयकीन."

आम्ही दुकानातल्या घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. क्लॅरिनेटपुढे एक माइक, ट्रम्पेटपुढे एक, असं सारं मी आदल्या दिवशी कागदावर आखून ठेवलं होतं. मंडळी बसली आणि वाजवायला लागली, आणि इतकं वाईट वाजलं की मला रडू यायला लागलं. ढोल अडखळत होता, ट्रम्पेट आधी निघत होता, काकाजींचा श्वास अर्ध्यातच तुटत होता. मला वाटलं, दातांमुळे. काकाजींनाही तेच वाटलं असावं, कारण त्यांनी वाद्य मांडीवर ठेवलं आणि जमिनीकडे पाहत राहिले.

ट्रम्पेट वाजवणारे हमीदभाई बँडात सगळ्यांत वडील. ते खुर्चीवरून उठले, गुडघे चोळले आणि म्हणाले, "बेटा, बैठ के तो हम सिर्फ खाना खाते हैं."

"अन् तेही पंगत उठल्यावर," गुलाबभाऊ म्हणाला. "पाय बांधून बैल पळते का गा, सुखदेवा?"

खरं होतं ते. या माणसांनी आयुष्यभर चालत वाजवलं होतं. पाऊल हाच त्यांचा ताल होता. पाय थांबले की हात विसरत होते. आम्ही खुर्च्या काढल्या. पण माइक तर जागचे हलणार नाहीत. मग चारही माइक चार बाजूंना उभे केले आणि मंडळींनी गोदामात गोल फिरत वाजवायचं ठरवलं: पुढे हमीदभाई, मग काकाजी, मग बाकीचे, आणि सगळ्यांत मागे गुलाबभाऊचा ढोल. मी कोपऱ्यात टेबलावर मिक्सर घेऊन, कानांवर हेडफोन लावून बसलो. माझं काम असं झालं की काकाजी ज्या माइकपाशी पोचतील तो उघडायचा, आणि मागून ढोल तिथे पोचायच्या आत मिटून पुढचा उघडायचा. म्हणजे मी खुर्चीवर बसून बोटांनी त्यांच्यासोबत चालत होतो.

पहिल्या खेपेला मी ढोलाला इतका घाबरलो की तो जवळ आला रे आला की सगळं मिटून टाकायचो. परत लावून ऐकलं तर काकाजींचा सूर एकटा, रिकाम्या घरात कोणी शीळ घालत असावं तसा. गुलाबभाऊ टेपला कान लावून म्हणाला, "अन् माहा ढोल? ही वरात आहे का मयत?" सगळे हसले. काकाजीही हसले, आणि रुमालाने ओठ पुसले तर रुमालाला रक्त लागलं. त्यांनी तो घडी करून खिशात टाकला. हमीदभाईंनी पाहिलं, मी पाहिलं. हमीदभाई हळूच म्हणाले, "काशीनाथ, एक बार. बस, तलाववाली." काकाजींनी मान हलवली. आता जे होईल ते एकदाच होणार होतं, आणि बाहेर पायरीवर काकू डबा मांडीवर घेऊन बसली होती.

ते सुरू झाले. मी या वेळी ढोल पूर्ण मिटला नाही. खटका थोडासा उघडा ठेवला, माणूस बोलत असताना मागे चूल जळत राहावी इतका. आणि जमलं. हेडफोनमध्ये काकाजींचा सूर माझ्याकडे तोंड करून उभा होता आणि बाकी सगळे त्याच्या मागे, आपापल्या जागी. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ मोठ्या कलावंतांचं ध्वनिमुद्रण केलं, पण 'हे बरोबर आहे' असं अंगभर कळण्याचा तो पहिला क्षण. संथ भाग संपत आला. काकाजी डोळे मिटून, फक्त पुढे चालणाऱ्या हमीदभाईंच्या ट्रम्पेटच्या आवाजावर चालत होते. थकव्यामुळे असेल, पण हळूहळू त्यांचं रिंगण आत ओढलं गेलं होतं. दाराजवळच्या माइकपासून ते लांब पडायला लागले आणि सूर पातळ झाला. मला ते माइककडे सरकायला हवे होते. मी हात उंच करून पुढे झुलवला आणि ओरडलो, "समोर! समोर व्हा!" कानांवर हेडफोन असलेला माणूस किती मोठ्याने ओरडतो याचा त्याला अंदाज नसतो.

मला म्हणायचं होतं, माइकच्या समोर. पण आमच्याकडे 'समोर' म्हणजे पुढेही. वरातीत रस्ता अडला, मुहूर्त टळायला लागला की मुलीकडचा कोणी वडीलधारा माणूस हात असाच झुलवतो आणि असाच ओरडतो: समोर व्हा! ते ऐकलं की बँडवाल्याने थांबायचं नसतं, वळायचं नसतं, विचारायचंही नसतं, नाकासमोर चालायचं. हमीदभाईंनी इतक्या वर्षांत ती आज्ञा कधी मोडली नव्हती. समोर गोदामाचं दार उघडं होतं. ते सरळ दारातून बाहेर पडले. त्यांच्या मागे डोळे मिटलेले काकाजी, त्यांच्या मागे बाकीचे, आणि शेवटी ढोल. गुलाबभाऊने उंबरठा ओलांडताना मागे वळून माझ्याकडे पाहिलं ते मला अजून दिसतं, पण त्याचाही हात थांबला नाही.

"अबे, गेली वरात!" मधुभाऊ डोक्याला हात लावून म्हणाले.

मी वायरीने टेबलाला बांधलेला. धावता येईना. फिरत्या टेपकडे पाहिलं आणि दुसरं काहीच करता येत नव्हतं म्हणून दाराजवळचा खटका पूर्ण उघडला. हेडफोनमध्ये अख्खी गल्ली शिरली. एव्हाना सुरू झालेल्या हातगाड्यांची चाकं, कोणाचं तरी "बाजू, बाजू", सायकलची घंटी, आणि या सगळ्याच्या पलीकडे लांब जाणारा बँड. मला वाटलं, संपलं. आणि तेवढ्यात संथ भाग पुन्हा सुरू झाला. तो संपला होता, आता उडती चाल यायची होती. काकाजी पुन्हा सुरुवातीवर का गेले? ढोल होता, पण कोणी उशीवर थाप मारावी तसा. त्या दबलेल्या ढोलावरून, गल्लीच्या गलक्यावरून, काकाजींचा सूर एकटा उठला आणि मी खटका न हलवता तो जवळ येत गेला.

बाहेर काय झालं ते मला नंतर गुलाबभाऊने सांगितलं, आणि पुढे कितीदा तरी सांगितलं. गल्लीत उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली तसे काकाजींनी डोळे उघडले. समोर पायरीवर काकू. ती दचकून उभी राहिली होती, डबा पोटाशी धरून. नवरदेव मांडवाच्या दाराशी आल्यावर थांबावं तसे काकाजी तिच्यापुढे थांबले आणि त्यांनी तलाववाली पहिल्यापासून धरली. "मंग म्या हात हलका केला," गुलाबभाऊ म्हणाला. "नवरा-बायको बोलून राहिले, मधात मी कायले धडाड धडाड करू?" तेवढ्यात एका हमालाने गाडी थांबवून विचारलं, "कोनाची वरात आहे गा?" आणि गुलाबभाऊने ठेका न सोडता हनुवटीने दोघांकडे दाखवलं: "यायचीच!" गल्लीतले हमाल हसले, काकूने पदर तोंडाला लावला. पण हलली नाही. पुरं ऐकलं. मग उडती चाल सुरू करून मंडळी गोदामाकडे वळली.

मी जे पाहिलं ते एवढंच: दारातून हमीदभाई आत आले, काकाजी आले, ढोल आला, आणि ढोलाच्या मागे, वरातीमागे चालतात तशी, डबा कमरेवर घेऊन काकू आली. मी एकेक माइक हळूहळू उघडत त्यांना आत घेतलं. शेवटचा सूर काकाजींनी किती ओढला! तो संपला. टेप फिरतच होती. त्या शांततेत काकूचा आवाज आहे, आजही आहे. ती म्हणते, "झालं का? वाजवा नं अजून."

त्याच आठवड्यात दात निघाले. जखमा भरल्या, कवळी आली. काकाजींनी एकदा पत्ती भिजवली, मागच्या खोलीत जाऊन पाहिलं, आणि वाद्य पुसून पेटीत ठेवलं. बँडवाल्यांनी त्यांना पुढे काठी घेऊन चालायचं काम दिलं होतं. ते त्यांनी काही दिवस केलं आणि सोडलं. काकू मऊ भात करायची, वरणफळं करायची. घरात आता सकाळचे ते लांब सूर नव्हते. मी पास झालो तेव्हा काकाजींनी शेजारच्या दारांवर थापा मारून रातपाळीवाल्यांना उठवलं आणि पेढे दिले. तेवढ्यापुरते ते पूर्वीचे वाटले. पुढे ध्वनिमुद्रणाच्या कामावर मला परगावी नोकरी लागली. पहिल्या दिवाळीला येताना मी त्या टेपची कॅसेट करून आणली, सोबत कॅसेट वाजवायचं लहान यंत्र. काकूने यंत्राला हात लावला मात्र, काकाजी चप्पल पायात घालून म्हणाले, "मी जरा तलावावरून येतो." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी कोणी यंत्राचं नाव काढलं नाही. मी परत आलो आणि काही दिवसांनी हे पत्र लिहिलं. काकूला वाचता येत नसे. तिची पत्रं काकाजी वाचून दाखवत. आधी शाळेत शिकवलेल्या भाषेत सुरू केलं होतं, ते फाडलं.

सौ. काकूले सुखदेवचा शिरसाष्टांग नमस्कार.

काकू, हे पत्र काकाजीच तुले वाचून दाखवून राहिले असतीन. म्हनून त्यायले आधीच सांगतो. काकाजी, मधात थांबू नका, काही गाळू नका. तुमी गाळलं तं काकू ओळखते.

मी बरा आहे. खानावळीत वरन गोड राह्यते, भात गिच्च राह्यते, पन पोट भरते. काम चांगलं आहे. इथं एक वयस्क साहेब आहेत, लय मोठ्या मोठ्या गवयांचं काम केलेले. त्यायनं मले इचारलं, मिक्सिंग कुठी शिकला? मी म्हटलं, तुरीच्या गोदामात. त्यायले वाटलं मी मजाक करून राहिलो, म्हनून मी ती टेप आयकवली. त्यायनं डोळे मिटून पुरी आयकली. बँड बाहेर जाऊन वापस येते तथी म्हने, हे क्लॅरिनेट दुसऱ्या मानसानं वाजवलं का? मी म्हटलं, नाही जी, तेच आहेत. तं म्हने, मंग हा मानूस बाहेर कोनाले भेटून आला?

काकाजी, वाचून राहिले नं? मी तुमाले हे तोंडानं कधी सांगू शकलो नसतो. मी त्या साहेबाले सांगितलं, ते मायी काकूले भेटून आले.

तुमचे दात गेले, वाजवनं गेलं, मी त्याच्यावर काय बोलू? मी लहान आहे. टेप लागली का तुमी तलावावर जाता, ते मी दिवाळीत पाह्यलं. मले राग नाही आला. पन तुमी गेल्यावर काय होते ते तुमाले माहीत नाही. काकू दारापर्यंत जाते, तुमी वळनावरून दिसेनासे झाले का आत येते, अन् मशीनवर फडकं टाकून देते. तुमाले सांगते का मले चालवता येत नाही. काकाजी, ते खोटं आहे. म्या तिले शिकवलं. कोनतं बटन कायचं, डोळे मिटून सांगते. मी म्हटलं, काकू, ते तं गेले, आता तू आयक नं निवांत. तं म्हने, एकटीनं तुकडे आयकले बम दिवस, आता हे घरी बसले असतानीच आयकीन.

यायले सांगू नको, असंही म्हने. मी हो म्हटलं. पत्रात लिहीन असं तिच्या ध्यानात आलं नसन.

काकाजी, आता कागदावरून नजर काढा अन् तिच्याकडे पाहा. ती खाली पाहून राहिली असन.

तुमचा,
सुखदेव